पाटीवरची अक्षरे रुग्णाला वाचता यायला हवीत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या वर्षभरात जळगाव, भुसावळ आणि धुळे या शहरांतील फलकांवर, तसेच अधूनमधून वृत्तपत्रांतील जाहिरातींतही, ‘अमेरिकन बोर्ड सर्टिफाइड’ किंवा ‘इंटरनॅशनल बोर्ड’ असे शब्द डॉक्टरांच्या नावापुढे दिसू लागले आहेत. मी चोपडा येथे तीस वर्षांहून अधिक काळ फिजिशियन म्हणून काम करते. या शब्दांचा अर्थ काय, असा डॉक्टर एम.डी.पेक्षा मोठा की लहान, आणि त्याच्याचकडे जावे का, हे मला ओपीडीत आठवड्यातून एकदा तरी कोणी ना कोणी विचारते. समोर रांग असताना याचे नीट उत्तर देता येत नाही आणि घाईत दिलेले उत्तर अर्धवट राहते, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मागच्या कापूस वेचणीच्या हंगामात तालुक्यातील पन्नाशीच्या एक बाई मुलाबरोबर आल्या. त्यांना धाप लागत होती, रात्री दोन उशा घेतल्याशिवाय झोप येत नव्हती आणि नऊ महिन्यांपासून दम्याचा पंप सुरू होता. मुलाने कॅरीबॅगेतून कागदांची गुंडाळी काढली आणि वरच्या चिठ्ठीवर बोट ठेवून विचारले, “ताई, हाऊ डाक्टर मोठा शे ना?” चिठ्ठीवर डॉक्टरांच्या नावानंतर इंग्रजी अक्षरांच्या दोन ओळी होत्या आणि त्यांखाली मराठीत ‘हृदयरोग, मधुमेह व दमा तज्ज्ञ’ असे छापलेले होते. मी बाईंना डाव्या कुशीवर वळवले, स्टेथोस्कोपची लहान बाजू छातीवर हृदयाच्या टोकाशी हलकेच टेकवली आणि श्वास सोडून क्षणभर थांबायला सांगितले. दोन ठोक्यांच्या मधल्या ज्या वेळात काहीही ऐकू येता कामा नये, तिथे एक खोल घरघर ऐकू येत होती. हृदयाची मायट्रल झडप आकसलेली होती, बहुधा लहानपणी सांधे सुजून आलेल्या तापामुळे. टू-डी इकोने, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीनेही तेच सांगितले. नऊ महिन्यांत तो एकदाही झाला नव्हता, कारण हृदयाच्या तज्ज्ञाकडेच उपचार सुरू आहेत अशी घरच्यांची खात्री होती आणि त्यामुळे दुसरीकडे दाखवावे असे कोणाच्या मनातही आले नाही.

त्या रात्री मी चिठ्ठीवरची अक्षरे एकेक करून शोधली. एम.बी.बी.एस. ही पदवी खरी होती. बाकीच्यांत एका संघटनेचे वर्गणी भरून मिळणारे सभासदत्व होते, दोन ऑनलाइन अभ्यासक्रम होते, आणि ‘बोर्ड’ म्हणून जे लिहिले होते ते अमेरिकेतील मान्य मंडळांच्या यादीत कुठेच नव्हते. महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेच्या नोंदवहीत त्या डॉक्टरांच्या नावासमोर फक्त एम.बी.बी.एस. एवढीच अर्हता होती. मी त्यांना फोन केला. ते आडपडदा न ठेवता बोलले. “मॅडम, पेशंट अक्षरे मोजतो. मी लिहिली नाहीत, तर तो पलीकडच्या दवाखान्यात जातो,” असे त्यांनी सांगितले. चूक त्यांची आहेच. परंतु रुग्ण अक्षरे मोजतो ते ती वाचायला त्याला कोणी शिकवले नाही म्हणून, आणि त्यात आम्हा सगळ्या डॉक्टरांचा वाटा आहे.

आपल्याकडे बोर्ड म्हटले की दुकानावरची पाटी आठवते, नाहीतर दहावी-बारावीची परीक्षा. डॉक्टरांच्या संदर्भातील बोर्ड हा दुसऱ्या अर्थाच्या जवळचा आहे. खान्देशातील मूल दहावीला बसते तेव्हा त्याचा पेपर त्याच्या वर्गातील गुरुजींकडे तपासायला जात नाही. नाशिक विभागीय मंडळामार्फत तो अनोळखी परीक्षकाकडे जातो. ज्याने शिकवले त्याच्या शब्दावर विद्यार्थ्याला उत्तीर्ण ठरवायचे नाही, हा त्यामागचा विचार आहे, आणि तज्ज्ञ डॉक्टरांच्या बोर्ड प्रमाणपत्रामागेही नेमका हाच विचार आहे.

अमेरिकेत वैद्यकीय व्यवसायाचा परवाना प्रत्येक राज्य आपापले मंडळ नेमून देते. त्या परवान्यावरून डॉक्टरला व्यवसाय करण्याचा अधिकार आहे एवढेच कळते. तो कोणत्या विषयाचा तज्ज्ञ आहे हे कळत नाही. परवान्याखेरीज रुग्णालयात राहून घ्यायचे प्रशिक्षण, म्हणजे रेसिडेन्सी, असते: मेडिसिनला, म्हणजे प्रौढांच्या आजारांच्या विषयाला, ३ वर्षे, जनरल सर्जरीला ५, मेंदूच्या शस्त्रक्रियेला ७. हे प्रशिक्षण पूर्ण झाल्यावर त्या त्या विषयाचे बोर्ड परीक्षा घेते. हे बोर्ड सरकारचे नसते आणि प्रशिक्षण देणाऱ्या रुग्णालयाचेही नसते. जनरल सर्जरीत तर लेखी परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर तोंडी परीक्षाही द्यावी लागते, ज्यात परीक्षक एखाद्या रुग्णाची अवस्था सांगतात आणि आता काय कराल, ते फसले तर पुढे काय कराल, असे विचारत जातात. या सगळ्यातून पार पडलेला डॉक्टर ‘बोर्ड सर्टिफाइड’ होतो. प्रशिक्षण पूर्ण झाले परंतु परीक्षा अजून उत्तीर्ण व्हायची आहे, अशाला ‘बोर्ड एलिजिबल’ म्हणतात, आणि हे विशेषण कोणी आयुष्यभर लावत राहू नये म्हणून २०१२ पासून त्यालाही विषयानुसार ३ ते ७ वर्षांची मर्यादा घातलेली आहे. प्रमाणपत्र घेणे कायद्याने सक्तीचे नाही, मात्र बहुतेक रुग्णालये आणि विमा कंपन्या ते पाहतात.

ही व्यवस्था आधी डोळ्यांच्या डॉक्टरांनी उभी केली. काही आठवड्यांचे शिक्षण घेऊन स्वतःला नेत्रतज्ज्ञ म्हणवणारे त्या काळी पुष्कळ होते आणि रुग्णाला कोण खरा हे ओळखता येत नव्हते. डेरिक वेल या नेत्रतज्ज्ञांनी १९०८ साली आपल्या व्यवसायबंधूंच्या अकादमीचे अध्यक्ष म्हणून भाषण करताना स्वतंत्र परीक्षा मंडळाची कल्पना मांडली आणि १९१६ साली नेत्रविकाराचे पहिले बोर्ड स्थापन झाले. १९३३ मध्ये अशा मंडळांची शिखर संस्था आली. आज तिच्याखाली २४ मंडळे आहेत. जाहिरातीतील ‘अमेरिकन बोर्ड’ या चोविसांपैकी आहे का, हा पहिला प्रश्न विचारावा, कारण नावात ‘अमेरिकन बोर्ड’ असलेल्या, परंतु या यादीत नसलेल्या संस्थाही आहेत. खऱ्या मंडळाचे प्रमाणपत्र कोणाकडे आहे हे तिकडे कोणालाही संकेतस्थळावर नाव घालून पाहता येते.

माझी भाची तिकडे मेडिसिनची तज्ज्ञ आहे. जूनअखेर तिची रेसिडेन्सी संपली, जुलैत ती मोठ्या रुग्णालयात कामावर रुजू झाली, राज्याचा परवाना हाती होता, रुग्ण तपासणे सुरू झाले होते, तरी ऑगस्टमधील बोर्डाची परीक्षा होऊन निकाल लागेपर्यंत ती फोनवर मोकळेपणाने बोलली नाही. माझ्या बहिणीला हे समजेना; मुलगी डॉक्टर आहे, नोकरीला आहे, मग आता परीक्षा कसली? परवाना, प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत हे आमच्या घरातही तेव्हाच नीट कळले.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे ते प्रमाणपत्र आता जन्मभराचे नसते. तेथील फॅमिली प्रॅक्टिसच्या बोर्डाने १९६९ साली स्थापनेपासूनच ठरावीक वर्षांनी पुन्हा परीक्षेची अट घातली. मेडिसिनच्या बोर्डाने १९९० पासून १० वर्षांच्या मुदतीची प्रमाणपत्रे देण्यास सुरुवात केली. २०२२ पासून मेडिसिनच्या डॉक्टरांना दर १० वर्षांनी एकदा मोठी परीक्षा देण्याऐवजी दर तिमाहीला ३० प्रश्न सोडवत राहण्याचा पर्याय आहे. माझी भाची रात्री मुले झोपल्यावर ते सोडवते, चुकलेल्या उत्तराचे स्पष्टीकरण लगेच वाचायला मिळते आणि त्यातून आपली औषधांची सवय कुठे जुनी झाली ते कळते, असे ती सांगते. याविरुद्ध तेथील डॉक्टरांत असंतोषही मोठा आहे. शुल्क फार, वेळ फार, आणि रोजच्या कामाशी संबंध नसलेली कागदी कामे फार, अशा तक्रारी वाढल्यावर २०१५ मध्ये मेडिसिनच्या बोर्डाला जाहीर माफी मागून काही अटी स्थगित कराव्या लागल्या. ब्रिटनने थोडी वेगळी वाट घेतली: तेथे तज्ज्ञांची स्वतंत्र नोंदवही असते आणि डिसेंबर २०१२ पासून डॉक्टरला दर ५ वर्षांनी आपल्या कामाचा लेखाजोखा देऊन परवाना टिकवावा लागतो.

आता आपल्याकडे. एम.बी.बी.एस. साडेचार वर्षांचे आणि त्यावर एक वर्षाची इंटर्नशिप, नंतर एम.डी. किंवा एम.एस.ची ३ वर्षे. हृदयरोग, मूत्रपिंडविकार अशा विषयांत त्यापुढे डी.एम. किंवा एम.सीएच.ची आणखी ३ वर्षे. येथे तज्ज्ञतेचे प्रमाण मुख्यतः विद्यापीठाची पदवी हे आहे, आणि प्रात्यक्षिक परीक्षेला स्वतःच्या महाविद्यालयातील परीक्षकांबरोबर बाहेरचेही परीक्षक असतात. मी १९९३ साली पुण्याला एम.डी.ची परीक्षा दिली तेव्हा लाँग केस म्हणून, म्हणजे सविस्तर तपासून परीक्षकांपुढे मांडायची रुग्ण म्हणून, मला झडपेच्याच आजाराची रुग्ण मिळाली होती. मी आजाराचा इतिहास सांगितला, नाडी सांगितली, निदानही बरोबर सांगितले. बाहेरगावाहून आलेल्या परीक्षकांनी शांतपणे एवढेच विचारले, “तुम्ही त्यांना कुशीवर वळवून ऐकलेत का?” मी वळवले नव्हते. त्यांनी मला पुन्हा खाटेपाशी पाठवले, वळवून ऐकायला लावले आणि जे ऐकू आले ते शब्दांत सांगायला लावले. मी उत्तीर्ण झाले, आणि चोपड्याच्या त्या बाईंना मी कुशीवर वळवले ते त्या प्रश्नामुळे. परक्या माणसाने घेतलेल्या परीक्षेचे मोल मला विचाराल तर ते हे आहे.

अमेरिकी बोर्डाच्या सर्वांत जवळ जाणारी आपली अर्हता म्हणजे डी.एन.बी. (डिप्लोमेट ऑफ नॅशनल बोर्ड). तिची परीक्षा घेणारे राष्ट्रीय परीक्षा मंडळ १९७५ साली सुरू झाले आणि १९८२ मध्ये स्वायत्त झाले. प्रशिक्षण देशभरातील मान्यताप्राप्त रुग्णालयांत होते, परीक्षा मात्र हे एकच मंडळ घेते. ‘डी.एन.बी. म्हणजे डिप्लोमा, एम.डी.पेक्षा कमी’ असा समज खान्देशात सुशिक्षितांतही आहे आणि तो चुकीचा आहे, ती एम.डी., एम.एस.च्या बरोबरीची अर्हता आहे. याच मंडळाने २०२० पासून एम.बी.बी.एस.नंतरचे दोन वर्षांचे डिप्लोमा सुरू केले आहेत, ते मात्र वेगळे. नावे सारखी असल्याने गोंधळ होतो, म्हणून सांगितले.

आणखी एक गोंधळ ‘एम.डी.’ या दोन अक्षरांचाच आहे. एम.डी. मेडिसिनमध्ये असते, बालरोगात असते, भूलशास्त्रात असते, रुग्णाला कधीही न तपासणाऱ्या शरीरक्रियाशास्त्रासारख्या विषयातही असते. आयुर्वेद आणि होमिओपॅथी यांतही एम.डी. ही रीतसर पदव्युत्तर पदवी आहे. या सर्वांना आपापल्या जागी मान आहे. परंतु पाटीवर नुसते ‘एम.डी.’ लिहून कंसातला विषय गाळला, तर रुग्णाला त्यातून काहीच कळत नाही. ‘फेलोशिप’ या शब्दाचेही तसेच आहे. कुठे ती वर्षभर वॉर्डात काम करून मिळते, कुठे ती एखाद्या नामांकित संस्थेने केलेला सन्मान असते, आणि कुठे ती दोन दिवसांच्या कार्यशाळेनंतर हाती पडते.

पुनर्परीक्षेची पद्धत आपल्याकडे नाही. महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे दर ५ वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण होते आणि त्यासाठी ३० क्रेडिट पॉइंट लागतात. हे गुण व्याख्यानांना, परिषदांना उपस्थित राहून मिळतात. मी अशा कित्येक सभागृहांत बसले आहे. काही व्याख्यानांनी माझे उपचार बदलले, काहींनंतर सहीच्या रजिस्टरपाशी सर्वांत मोठी गर्दी होती. हजेरीवरून ज्ञान ठरत नाही. मी स्वतः १९९३ च्या पदवीवर आज हृदयाघाताचा रुग्ण हाताळते, आणि त्या काळचे निम्मे उपचार आज कोणी करत नाही. मला पुन्हा कोणी तपासावे, असे मी आवर्जून म्हणते. मात्र ते करताना अमेरिकेतील शुल्काचा आणि कागदांचा भार जसाच्या तसा येथे आणू नये. वर्षाला थोडे प्रश्न, घरी बसून, मराठी-इंग्रजी दोन्हींत, आणि चुकल्यावर शिक्षेऐवजी स्पष्टीकरण, एवढ्याने सुरुवात करता येईल.

हे पत्र एम.बी.बी.एस. किंवा आयुष डॉक्टरांविरुद्ध आहे असे कोणी समजू नये. धडगाव, अक्कलकुव्याच्या पाड्यांवर रात्री दोन वाजता दार उघडणारा डॉक्टर बहुधा तज्ज्ञ नसतो, आणि तो नसता तर सातपुड्यातील कित्येक बाळंतिणी आणि सर्पदंशाचे रुग्ण नंदुरबारपर्यंत पोहोचलेच नसते. धुळ्याला १९८९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, जळगावला २०१८ मध्ये झाले, त्यानंतर नंदुरबारलाही झाले. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना आता तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करावे लागते, त्याचाही उपयोग होतो. तरी तालुक्याच्या गावांत तज्ज्ञ अजून रविवारच्या ‘व्हिजिट’पुरतेच येतात, बसस्थानकासमोर त्यांचे फलक लागतात, आणि लोक केळीचे किंवा कापसाचे पैसे हाती आले की त्या फलकांवरची अक्षरे मोजून नंबर लावतात. ज्याने विशेष शिक्षण घेतलेले नाही त्या डॉक्टरने जनरल प्रॅक्टिशनर म्हणून ताठ मानेने पाटी लावावी. तो मान कमी नाही. गरज पडली की योग्य ठिकाणी पाठवणे हेही मोठे कौशल्य आहे, आणि ‘तज्ज्ञ’ लिहिलेल्या पाटीखाली बसल्यावर ते करणे अवघड होते.

नियम नाहीत असेही नाही. वैद्यकीय व्यावसायिकांच्या आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांनुसार डॉक्टरने नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावावा, चिठ्ठीवर, प्रमाणपत्रावर आणि पावतीवर छापावा, आणि ज्या शाखेची विशेष अर्हता नाही त्या शाखेचा तज्ज्ञ म्हणवून घेऊ नये, असे स्पष्ट बंधन आहे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये नवे नियम आले आणि त्याच महिन्यात स्थगित झाले, त्यामुळे हे जुने नियमच लागू आहेत. त्यांत रुग्ण मिळवण्यासाठी जाहिरात करण्यासही मनाई आहे. दवाखाना सुरू करणे, पत्ता बदलणे, रजेनंतर परतणे अशा मोजक्या प्रसंगी वृत्तपत्रात साधे निवेदन देता येते.

म्हणून माझ्या तीन विनंत्या आहेत. पहिली वैद्यकीय परिषदेस: नोंदवही देवनागरीतही शोधता यावी, आणि प्रत्येक नावासमोर ‘पदव्युत्तर शिक्षण: मेडिसिन’ किंवा ‘पदव्युत्तर शिक्षण नाही’ असे सरळ मराठीत दिसावे. ज्यांच्याकडे अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया वा न्यूझीलंडची खरी तज्ज्ञ अर्हता आहे त्यांनी ती परिषदेकडे नोंदवावी. मग शंकेला जागा राहणार नाही. दुसरी माझ्या व्यवसायबंधूंस: पाटीवर मोठ्या अक्षरांत एकच ओळ मराठीत असावी, कोणत्या विषयाचे शिक्षण, कोणत्या संस्थेतून, कोणत्या वर्षी, आणि नोंदणी क्रमांक. बाकी सन्मान आतल्या भिंतीवर लावावेत. तिसरी, संपादक महोदय, आपणांस: डॉक्टरची किंवा रुग्णालयाची जाहिरात घेताना जाहिरात विभागाने नोंदणी क्रमांक मागावा आणि नोंदवहीत नसलेली अर्हता छापू नये. पाच मिनिटांचे काम आहे, आणि आपला अंक गावोगावी पारावर मोठ्याने वाचला जातो.

त्या बाईंची झडप मोठ्या शहरातील शासकीय रुग्णालयात फुग्याच्या साहाय्याने रुंद करण्यात आली. आता त्या एका उशीवर झोपतात आणि पंप बंद आहे. पुढे पाठवताना मी त्यांना चिठ्ठी दिली तेव्हा मुलाने ती उलटसुलट पाहिली आणि माझ्या नावापुढची अक्षरे कशाची आहेत ते मराठीत लिहून मागितले. मी लिहून दिले. त्याच आठवड्यात दवाखान्याची पाटीही रंगाऱ्याकडून बदलून घेतली. तिच्यावर आता ‘प्रौढांच्या आजारांचे पदव्युत्तर शिक्षण, पुणे, १९९३’ असे लिहिले आहे.

आपली नम्र,
एक फिजिशियन, चोपडा (जि. जळगाव)